चेहरा जुळत नाही

जयपूरहून आग्र्याच्या महामार्गाला लागलं की तीसेक किलोमीटरवर बस्सी येतं. तालुक्याचं गाव. याच तालुक्यातलं भटेरी हे खेडं मात्र साऱ्या देशाला ठाऊक असायला हवं. भंवरीदेवी तिथल्या. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या ‘साथिन’ होत्या. तुटपुंज्या मानधनावर पाण्याचे, रेशनचे, मजुरीचे प्रश्न घेऊन दारोदार फिरायचं, असं ते काम. 1992 साली अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सरकारची बालविवाहविरोधी मोहीम चालू होती. गावातल्या एका वजनदार घरात नऊ महिन्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि भंवरीदेवींनी ते थांबवण्याचा प्रयत्न केला. सप्टेंबरात त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडून दिलं. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 13 ऑगस्ट 1997 रोजी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा ‘विशाखा’ निकाल आला. आज पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून जी तक्रार समिती असते, तिचं मूळ भटेरीत आहे.

यंदाच्या अंकातला एक विभाग आम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेला दिला आहे, आणि त्याच्या पहिल्या पानावर भंवरीदेवींचं नाव मुद्दाम घेतो आहोत. या विषयावर बोलणारे साधारण दोन तऱ्हेचे असतात. एकांना वाटतं, यंत्र सगळे प्रश्न सोडवील. दुसऱ्यांना वाटतं, यंत्र माणसालाच गिळील. जेफ्री हिंटन यांच्यासारख्या या विद्येच्या जाणकारांनी 2023 मध्ये यंत्रापासून मानवजातीच्या अस्तित्वाला असलेला धोका महामारी आणि अणुयुद्धाच्या पंक्तीला बसवला, तेव्हा ती भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पण आमची शंका त्याहून जवळची आहे. सरकारचा गावातला शेवटचा माणूस बहुतेक वेळा बाईच असते: साथिन, अंगणवाडी सेविका, रोजगार हमीच्या कामावरची मेट, म्हणजे मुकादम. तिच्या शब्दावरचा विश्वास काढून तो यंत्राच्या शब्दावर ठेवला जातो आहे. यंत्र किती हुशार आहे हा मुद्दा त्यापुढे दुय्यम ठरतो.

अंगणवाडीचंच घ्या. 1 जुलै 2025 पासून गरोदर व स्तनदा मातांना आणि तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना घरी नेण्यासाठी मिळणारा आहार, म्हणजे टीएचआर, ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवर चेहरा जुळल्याशिवाय द्यायचा नाही, असा केंद्राचा नियम झाला. आधी आधारवरून केवायसी. त्याचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो बहुधा नवऱ्याकडे, आणि नवरा कामाच्या गावी. ते जमलं तरी दर वेळी सेविकेने फोन धरायचा, बाईने डोळ्यांची उघडझाप करायची आणि रेंज असली तर पुढचं. समोरची बाई सेविकेच्या गल्लीतली असते. तिचं बाळंतपण कधी झालं, पोराचं वजन किती भरलं, हे सेविकेला पाठ असतं. तरी फोन म्हणतो, चेहरा जुळत नाही. का जुळत नाही, हे तो सांगत नाही, आणि ‘मी हिला ओळखते’ असं लिहून सही करायची मुभा नियमाने सेविकेला दिलेली नाही.

महाराष्ट्रातल्या सेविकांनी याची चाहूल आधीच दिली होती. 2021 मध्ये त्यांनी सरकारने दिलेले मोबाइल राज्यभर परत केले. फोन निकृष्ट होते आणि ॲप इंग्रजीत होतं. मराठी राज्यात मराठी बाईने मराठी पोराचं वजन इंग्रजीत का भरायचं, हा सरळ प्रश्न होता. त्या वेळी बातम्यांत तो ‘तंत्रज्ञानाला विरोध’ म्हणून गेला, याचा आम्हाला आजही राग आहे. पैशाचा हिशेबही पाहा. केंद्राने इंडिया एआय मिशनसाठी मार्च 2024 मध्ये दहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. सेविकेच्या मानधनातला केंद्राचा वाटा 2018 च्या ऑक्टोबरात दरमहा 4,500 रुपये झाला आणि पुढची सात वर्षं तिथेच थांबला.

यावर उत्तर ठरलेलं असतं: चोरी थांबवायची तर हे करावंच लागेल. चोरी आहे, हे आम्ही नाकारत नाही. बोगस मस्टर आपल्या रोजगार हमीने फार जवळून पाहिले आहेत. पण यंत्राने ती थांबली का? नरेगाच्या, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमीच्या, कामावर मेटने दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून एनएमएमएस या हाजरीच्या ॲपवर चढवायचा, ही सक्ती 2023 च्या जानेवारीपासून सगळ्या कामांना लागू झाली. बस्सीच्या आसपास तळ्याची माती उपसणाऱ्या बायकांचं काम लवकर उरकलं तरी दुपारच्या फोटोसाठी थांबणं आलं, कारण फोटो नाही तर हाजरी नाही. अडीच वर्षांनी, जुलै 2025 मध्ये, केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून कबूल केलं की भलतेच फोटो चढवले जात आहेत, फोटोचाच फोटो काढला जातो आहे, फोटोतली माणसं आणि नोंदलेली माणसं यांचा मेळ नाही. उपाय काय काढला? ग्रामपंचायतीत माणसांनी बसून शंभर टक्के फोटो तपासायचे. ज्याला चोरी करायची होती तो महिनाभरात वाट काढतो, आणि जिच्याकडे चोरण्यासारखं काही नव्हतं तिची हाजरी बुडते. एवढं होऊनही डिसेंबर 2025 मध्ये नरेगाच्या जागी जो नवा कायदा आला, त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेला लबाडी हुडकण्याचं काम दिलेलं आहे.

कुणी म्हणेल, माणसांनी तरी कोणता न्याय केला? भंवरीदेवींना सोडलंच ना वाऱ्यावर? खरं आहे. पण 1995 च्या निकालाखाली एका न्यायाधीशाची सही होती. त्यात कारणं लिहिलेली होती, आणि ती इतकी संतापजनक होती की बायका रस्त्यावर उतरल्या. लिहिलेल्या कारणाशी भांडता येतं. ‘जुळत नाही’ याच्याशी कुणी कसं भांडायचं?

ज्याच्याकडे वकील आहे तो भांडतो. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला. सुमारे 3 कोटींचं उत्पन्न खात्याने जवळपास 28 कोटींवर नेलं होतं आणि त्यासाठी आधार म्हणून दिलेले तीन निवाडे मुळात अस्तित्वातच नव्हते. यंत्राने पुढे केलेलं डोळे झाकून घेऊ नका, पडताळून पाहा, असं न्यायमूर्तींनी बजावलं. कंपनीला उच्च न्यायालय गाठता आलं. पाड्यावरच्या आईला टीएचआरच्या एका पाकिटासाठी ते कसं गाठता येणार? नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशात बालसंगोपन अनुदानाच्या तपासणीत संगणकी जोखीम-निवडीने हजारो पालकांना लबाड ठरवलं, घरं उद्ध्वस्त झाली, आणि जानेवारी 2021 मध्ये सरकारने राजीनामा दिला. तोवर कित्येक वर्षं गेली होती.

सगळीकडे नकारच द्यावा, असं आम्ही म्हणत नाही. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसावर जो प्रयोग चालवला आहे, त्यात उपग्रहाची चित्रं, जमिनीतले सेन्सर आणि हवामान यांवरून शेतकऱ्याला पाण्याचा, खताचा सल्ला मिळतो. सल्ला चुकला तर ऊस समोर उभा आहे, शेतकरी तो सल्ला धुडकावू शकतो. पाणी सोडायचं की नाही, हे शेवटी तोच ठरवतो. अंगणवाडीतल्या आईला आणि सेविकेला हा अधिकार नाही.

आणि चोरी पकडायचा उपाय राजस्थाननेच देशाला शिकवला आहे. डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. मस्टरवरची नावं सर्वांसमोर मोठ्याने वाचली गेली, आणि कोण कामावर होतं, कोण नव्हतं, हे गावानेच सांगितलं. माहितीचा अधिकार त्या वाटेने आला. गावाला गावातली माणसं ओळखू येतात, यावर ती सगळी रीत उभी होती.

म्हणून आमचं मागणं छोटं आहे. चेहरा जुळला नाही तरी सेविकेच्या सहीवर त्याच दिवशी आहार मिळावा. यंत्राने नाकारलेल्यांची यादी दर महिन्याला ग्रामसभेत वाचली जावी, आणि प्रत्येक नकारामागे जबाब देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव असावं. वाचकांनी दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर अंगणवाडीत डोकवावं, यंत्राने किती जणींना परत पाठवलं हे सेविकेला विचारावं आणि आम्हाला लिहावं. गावाचं आणि तालुक्याचं नाव तेवढं स्पष्ट लिहा. सेविकेचं लिहू नका, तिची नोकरी आहे. येतील ती पत्रं आम्ही एकत्र करून महिला व बालविकास विभागाकडे पाठवणार आहोत.