किल्ल्यांचा जुडगा कोणाकडे?



तिजोऱ्यांच्या जाहिरातींत चोर नेहमी बाहेरून येतो. सल्लाकेंद्रात बसणाऱ्या कार्यकर्तीला दुसरी चोरीही ठाऊक असते. दागिने घरातच, कपाटही तेच, लग्नात माहेरून आलेले. फक्त किल्ली सासूच्या कमरेला किंवा नवऱ्याच्या खिशात. बाईला घराबाहेर काढले की मंगळसूत्राखेरीज तिच्याकडे काहीच नसते, आणि वर विचारले जाते, ‘दागिने होते याला पुरावा काय?’

कायदा याबाबत स्पष्ट आहे. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले की स्त्रीधन एकट्या बाईच्या मालकीचे. सासरच्यांनी ते सांभाळायला घेतले तरी ते विश्वस्तच. अडवून ठेवले तर फौजदारी गुन्हा. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा. त्याखाली दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा हुकूम देऊ शकतात, लॉकर परस्पर उघडायला मनाई करू शकतात. पण हुकूम मिळवायचा तर आधी यादी हवी. म्हणून कपाट कोणत्या कंपनीचे, पत्रा किती जाड, हे प्रश्न आमच्या मते नंतरचे. दागिन्यांचे फोटो, सोनाराच्या पावत्या, वजने, आणि जन्मदाखले, विवाह नोंदणी, शाळा सोडल्याचे दाखले यांच्या प्रती घराबाहेर, भरवशाच्या मैत्रिणीकडे असू द्या. यासाठी तिजोरी लागत नाही, प्लास्टिकची पिशवी पुरते.

तिजोरी घ्यायचीच तर एवढे पाहा. लहान तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला आतून बोल्टने पक्की केलेली नसेल, तर चोर ती उचलून नेतो. आकड्यांच्या कुलपाला बहुधा एक आणीबाणीची किल्ली असते आणि मूळ आकडा बदलण्याची सोय असते. ही किल्ली आणि ही सोय ज्याच्या हाती, तिजोरी त्याची. पैसे कोणी भरले याला अर्थ उरत नाही.

आता बंदुकीविषयी. हा आपला विषय नाही असे वाटेल. पण कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक, निवृत्त जवानाची, बँकेच्या दारावर उभ्या राहणाऱ्या रखवालदाराची बारा बोअरची, अशा बंदुका घराघरांत आहेत. हल्ली बंदूक आणि दागिने एकत्र ठेवायच्या तिजोऱ्या विकल्या जातात. आमचा त्याला ठाम विरोध आहे. परवाना नवऱ्याचा, म्हणून ती बंदूक बाळगायचा बाईला अधिकार नाही, आणि नसावाच. म्हणजे त्या तिजोरीची किल्ली रीतसर त्याच्याकडेच जाणार आणि तिचे स्त्रीधन त्याच्या बंदुकीमागे कुलूपबंद होणार. स्वतःच्या पाटल्या मागायलाही तिला बंदूकवाल्यासमोर उभे राहावे लागेल. तेव्हा कप्पे वेगळे, किल्ल्या वेगळ्या. बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, मुलांना दोन्हींचा ठावठिकाणा नको.

आणि जिथे नवरा हात उचलतो, धमक्या देतो, तिथे बंदूक कशी ठेवावी याचे उत्तर एकच : घरात नको. शस्त्र कायद्याच्या सतराव्या कलमाखाली परवाना देणारा अधिकारी सार्वजनिक सुरक्षेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतो. जिल्ह्यात हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे. २००६ च्या नियमांनुसार दंडाधिकाऱ्यांच्या लेखी आदेशाने संरक्षण अधिकारी पोलिसांच्या मदतीने हिंसेत वापरलेले हत्यार जप्त करवू शकतात. आपल्या अर्जांत मारहाणीचे वर्णन पानभर असते. घरात बंदूक आहे, ही ओळ मात्र राहून जाते. कोणी विचारलेलेच नसते. अर्ज लिहून घेताना हा प्रश्न विचारायची सवय आपण लावून घ्यायला हवी.

ज्यांच्या घरात पत्र्याची पेटीच आहे, त्यांना हे सगळे दूरचे वाटेल. काही बचत गट आपल्या पेटीला दोन-तीन कुलुपे लावतात आणि किल्ल्या वेगवेगळ्या बायकांकडे ठेवतात. दोन शेजारणींना हे घरच्या कागदांसाठीही करता येईल.

राहिला बँकेचा लॉकर. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत. पण लॉकर दोघांच्या नावे आणि ‘दोघांपैकी कोणीही’ उघडू शकेल असा असेल, तर नवऱ्याने तो रिकामा केला म्हणून बँकेला बोल लावता येत नाही. परवडत असेल तर छोटा का होईना, स्वतःच्या एकटीच्या नावाने घ्या. याच नियमांत आणखी एक तरतूद आहे. लॉकर उघडला गेला की त्याच दिवशी बँकेने तारीख-वेळेसह मोबाइलवर संदेश पाठवायचा. तो जातो नोंदवलेल्या नंबरावर. अनेक घरांत तो नंबर नवऱ्याचा असतो. पुढच्या बैठकीला येण्यापूर्वी आपापल्या बँकेत जाऊन एवढे विचारून या.