पाकविचार : केकमधील उष्ण मसाले आणि त्यांचे पर्याय

अंडेविरहित केक व बिस्किटे आता अनेक घरांत होऊ लागली आहेत. मात्र परदेशी पाककृती वाचताना गृहिणी एका नावापाशी अडते, ते म्हणजे ऑलस्पाइस. दुकानात विचारणा केली असता कित्येकदा कबाबचिनी हाती पडते. दोहोंचे दाणे मिऱ्यांसारखे दिसत असल्याने ही गल्लत होते. वस्तुतः कबाबचिनी, म्हणजेच कंकोळ, ही मिरीच्या कुळातील. तिची चव तिखट, कडसर व कापरासारखी असते. ऑलस्पाइस हे लवंगेच्या कुळातील वृक्षाचे फळ असून जमैका बेट त्यासाठी प्रसिद्ध आहे. कंकोळ घातलेल्या केकची चव बिघडते आणि मैदा, लोणी व श्रम वाया जातात.

याचा पर्याय घरच्या मसाल्याच्या डब्यातच आहे. ऑलस्पाइस व लवंग या दोहोंतील प्रमुख सुगंधी द्रव्य युजेनॉल हेच होय. म्हणून एक चहाचा चमचा ऑलस्पाइसऐवजी अर्धा चमचा दालचिनी, पाव चमचा जायफळ आणि पाव चमचा लवंग यांची पूड घ्यावी. लवंगेचे प्रमाण वाढवू नये. तिच्यापुढे इतर सुगंध लोपतात. जायफळ नसल्यास जायपत्री चालते, कारण दोन्ही एकाच फळाचे भाग आहेत.

आले वर्ज्य असलेल्या घरांत सुंठ वापरावी. आले वाळताना त्यातील तिखट द्रव्याचे रूप पालटते व सुंठ अधिक तीक्ष्ण होते. त्यामुळे एक मोठा चमचा किसलेल्या आल्याच्या जागी पाव चहाचा चमचा सुंठपूड पुरते.

दालचिनीची खरेदी डोळसपणे करावी. जाड, कठीण, एकेरी वळलेली साल म्हणजे तज. पातळ पदरांची, बोटांनी सहज मोडणारी ती सिलोनी दालचिनी. भारतीय अन्नसुरक्षा नियमांतही यांची मानके स्वतंत्र आहेत. तजेत कूमारिन पुष्कळ अधिक असते व त्याचे अतिसेवन यकृतास अपायकारक ठरू शकते. क्वचित केलेल्या केकला तज चालेल. नित्याच्या वापरास, विशेषतः मुलांसाठी, सिलोनी दालचिनीच श्रेयस्कर.

नेहमीच्या वापरासाठी चार भाग दालचिनी, दोन भाग सुंठ, एक भाग जायफळ व अर्धा भाग लवंग असे मिश्रण करावे. 250 ग्रॅम मैद्यास एक ते दीड चहाचा चमचा पुरे होते. मसाले अख्खे ठेवून लागतील तसे कुटावेत. पुडीचा सुगंध लवकर उडतो व ती फार दिवस राहिल्यास कीड लागण्याचे भय असते. केकमध्ये घालण्यापूर्वी चिमूटभर मिश्रण कोमट, गोड दुधात ढवळून चाखावे. कमी-अधिक झालेले प्रमाण तेथेच कळते आणि केक भट्टीत जाण्याआधी सुधारता येते.