ऋण काढून सण, तोही मतांसाठी

महाराष्ट्र सरकारच्या डोक्यावरचं कर्ज २०२५-२६ च्या अखेरीस ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांवर जाईल, असं सरकारनेच त्या वर्षाच्या अर्थसंकल्पात लिहून दिलं होतं. राज्याची लोकसंख्या तेरा कोटींच्या घरात धरली, तर पाळण्यातल्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजीपर्यंत माणशी सत्तर हजारांहून अधिक कर्ज होतं. २०१४-१५ मध्ये हाच बोजा तीन लाख कोटींच्या आसपास होता. या अकरा वर्षांत राज्यातला जवळपास प्रत्येक मोठा पक्ष कधी ना कधी सत्तेत बसून गेला. त्यामुळे यात कुणीही दुसऱ्याकडे बोट दाखवू नये.

कर्ज काढणं हे पाप नाही. कर्ज काढून धरण बांधलं, तर पुढच्या पिढीला हप्त्याबरोबर पाणीही मिळतं. कर्ज काढून चालू महिन्याचा खर्च भागवला, तर तिच्या वाट्याला फक्त हप्ता येतो. महाराष्ट्र आज हे दुसरं करतो आहे. १० मार्च २०२५ रोजी अजित पवार यांनी अर्थमंत्री म्हणून मांडलेला अर्थसंकल्प पाहा. महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं यांतच ४५ हजार ८९१ कोटींचं भगदाड. राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी. ही तूट उसनवारीतून भरायची, आणि त्या उसनवारीचा तिसरा हिस्सा दैनंदिन खर्चातच जिरणार. त्यातून ना कालवा निघणार, ना शाळेची खोली उभी राहणार.

हा अर्थसंकल्प मांडून चार महिनेही लोटले नव्हते, तोच ३० जून २०२५ रोजी पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. पुरवणी मागणी ही अडीअडचणीसाठी असते. मार्चमध्ये जो हिशेब मांडता येत नाही तो जूनमध्ये सुचतो, तेव्हा मार्चमधला कागद खरा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

यावर राज्यकर्त्यांचं उत्तर ठरलेलं आहे: कर्ज सकल राज्य उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांच्या आत असावं लागतं, आपलं एकोणीस टक्क्यांच्या आत आहे, तेव्हा चिंता नको. हे उत्तर दिशाभूल करणारं आहे. सकल राज्य उत्पन्न ही सरकारची कमाई नव्हे. मुंबईतल्या बँकेचा व्यवसाय आणि पुण्यातल्या कारखान्याचं उत्पादन सरकारच्या तिजोरीत जात नाही. त्यावरचा कर तेवढा जातो. हप्ते फेडायचे ते करातून. वर्षाला साठ हजार कोटींहून अधिक रक्कम नुसत्या व्याजापोटी जाते, आणि त्यात पगार व निवृत्तिवेतन मिळवलं की महसुलातले निम्म्याहून अधिक पैसे संपतात. उरलेल्यात शेती, पाणी, आरोग्य, शिक्षण. टक्केवारीचा पडदा ओढून हे झाकता येणार नाही.

आता लाडकी बहीण योजनेबद्दल बोलतो, कारण तिच्याबद्दल बोलायला सगळेच कचरतात. २८ जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ती जाहीर झाली: पात्र बायकांच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये. वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च, आणि विधानसभेची निवडणूक पाच महिन्यांवर. अडीच लाखांच्या आत उत्पन्न, घरात सरकारी नोकरी नको, चारचाकी नको, हे नियम पहिल्या दिवसापासून कागदावर होते. ते तपासले गेले नाहीत. मतदान २० नोव्हेंबरला. त्याआधीच नोव्हेंबरपर्यंतचे साडेसात हजार रुपये खात्यांवर पोचले होते. शिवाय योजनेच्या प्रसिद्धीसाठी सुमारे २०० कोटी वेगळे. निवडणूक जिंकल्यावर सरकारला छाननी आठवली. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी सांगितलं की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचं आढळलं आहे. बहिणींच्या यादीत चौदा हजारांहून अधिक पुरुष निघाले. सत्ताधारी महायुतीने प्रचारात सांगितलेल्या महिना २,१०० रुपयांचा २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पत्ता नव्हता. उलट तरतूद ३६ हजार कोटींवर आणली.

गरीब बाईच्या हातात दीड हजार रुपये पडले याचं मला दुःख नाही. ते पैसे औषधाला, पोराच्या वह्यांना, किराण्याला गेले आहेत. माझा राग आहे तो हे पैसे कुठून येणार हे न सांगण्यावर. ते आले कुठून, हे मे २०२५ मध्ये दिसलं: सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्र्यांनाच त्याविरुद्ध जाहीर तक्रार करावी लागली. वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या वाट्याचा पैसा तोडून आईच्या खात्यावर टाकायचा, आणि तिच्याकडून आभार वसूल करायचे. दीड हजारांप्रमाणे चार वर्षांचे हप्ते होतात बहात्तर हजार. माणशी कर्जही जवळपास तेवढंच आहे. तिला दिलेलं सगळं तिच्याच नावावर मांडून ठेवलं आहे, आणि व्याज वेगळं.

विरोधकांनी यावर बोट ठेवायला हवं होतं. त्यांनी बोली वाढवली. महाविकास आघाडीने बायकांना महिना तीन हजार, बेरोजगारांना चार हजार आणि शेतकऱ्यांना तीन लाखांपर्यंत कर्जमाफी जाहीर केली. पैसा कुठून, हे त्यांनीही सांगितलं नाही. महायुतीच्या जाहीरनाम्यातही कर्जमाफी होती. सत्ता आल्यावर मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनी शेतकऱ्यांना ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरायला सांगितलं. ज्या शेतकऱ्याने शब्दावर विश्वास ठेवून हप्ता थांबवला, तो थकबाकीदार झाला.

हेच राज्य एकेकाळी वेगळं वागलं होतं. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडत होती, तेव्हा वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली. हाताला काम हा हक्क मानायचा, हा निर्णय खर्चिक होता. पण त्या पिढीने खर्चाबरोबर त्याची भरपाईही ठरवली. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराने आणि व्यावसायिकाने महिन्याला थोडे पैसे द्यायचे, सरकारने आपला वाटा घालायचा, आणि त्यातून गावात बंधारे, पाझर तलाव, रस्ते व्हायचे. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तो याच वाटेने. तो व्यवसाय कर आजही पगारातून कापला जातो. गरिबांसाठी खर्च करा, पण पैसा कोण देणार हे त्याच दमात आणि सर्वांसमक्ष सांगा, ही महाराष्ट्राची स्वतःची रीत होती. ती मोडून आजच्या पुढाऱ्यांनी घोषणा आपल्या नावावर आणि बिल नातवंडांच्या नावावर लावलं.

आणि हे केवळ गरिबांच्या योजनांपुरतं आहे असं मानू नका. पवनार ते पत्रादेवी, २०२५ च्या आराखड्यात बारा जिल्ह्यांतून जाणारा आठशे किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग पाहा. तेव्हाचा अंदाजे खर्च ८६ हजार कोटी. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याच्या भूसंपादनासाठी २० हजार कोटींहून अधिक रकमेला मान्यता दिली. त्यातले १२ हजार कोटी हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेकडून कर्ज. नागपूर-रत्नागिरी महामार्ग असताना हा कशाला, असं कोल्हापूर-सांगलीचे शेतकरी ओरडून विचारत आले आहेत. बागायती जमीन त्यांची, कर्ज सगळ्या राज्याचं. पूर्ण झालेल्या कामांची बिलं थकली म्हणून कंत्राटदार आंदोलन करत असताना सरकार नव्या कामाचे नारळ फोडतं, याला नियोजन म्हणत नाहीत.

मला तीन गोष्टी कायद्याने हव्या आहेत. कुठलीही नवी योजना मांडताना तिचा पाच वर्षांचा खर्च आणि त्यासाठीचा नेमका कर किंवा नेमकी काटकसर त्याच विधेयकात लिहिलेली असावी. निवडणुकीआधीच्या सहा महिन्यांत थेट रोख वाटपाची नवी योजना सुरू करता येऊ नये. आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेला निधी दुसरीकडे वळवण्यास पूर्ण बंदी असावी, मंत्रिमंडळाच्या ठरावानेही तो हलता कामा नये.

हा कायदा पुढारी आपणहून करणार नाहीत. म्हणून दारात मत मागायला येणाऱ्याने काहीही देऊ केलं, तरी त्याला थांबवून विचारा: पैसा कुठून आणणार, कुणाचा वाटा कापणार? त्याला उत्तर देता आलं नाही, तर तो कुठल्या पक्षाचा आहे हे न पाहता त्याला मत नाकारा.