नाहरकत कुणाची?



घर म्हटलं की आपण घरातल्या मारहाणीबद्दल, घरकामाबद्दल, घर दोघांच्या नावावर असण्याबद्दल भरभरून बोलतो. घर नाकारलं जाण्याबद्दल मात्र फारसं बोललेलो नाही. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत समुपदेशन करताना मला हा विषय टाळताच येत नाही. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई आधी पोटगी मागत नाही, भाड्याची खोली मागते. आणि एजंट तिला भाडं किती परवडेल हे शेवटी विचारतो. आडनाव काय, घरात पुरुषमाणूस कोण, मांसमच्छी खाता का, हे आधी. बाई मुसलमान असेल तर पहिल्याच प्रश्नाला बोलणं संपतं. दलित असेल तर तिसऱ्यापर्यंत चालतं, एवढाच फरक.

अमेरिकेत गोऱ्यांच्या उपनगरांनी हे सरळ कागदावर लिहिलं होतं. खरेदीखतातच अट असे, की हे घर कृष्णवर्णीयांना विकायचं नाही. अशी अट न्यायालयांना अमलात आणता येणार नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९४८ साली सांगितलं. १९६८ साली घर विकताना वा भाड्यानं देताना वंश-धर्म पाहायला कायद्यानं बंदी आली. बाई म्हणून घर नाकारायला बंदी यायला मात्र १९७४ उजाडलं! वस्त्या तिथंही अजून पुष्कळशा वेगळ्याच आहेत, पण दाद मागायला जागा तरी झाली.

आपल्याकडे सहकाराची सुरुवातच जातीच्या सोबतीनं झाली. मुंबईत गावदेवीला १९१५ साली निघालेली सुरुवातीची गृहनिर्माण संस्था सारस्वतांची, सारस्वतांसाठी होती. आणि २००५ साली अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. माझ्या पाहण्यातल्या सोसायट्यांच्या उपविधींत असलं काही लिहिलेलं नाही. गरजच पडत नाही. मालक म्हणतो कमिटी नाहरकत देत नाही, कमिटी म्हणते मालकाची मर्जी.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली हजारो मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला आली. धीम्या लोकलनं तिथून डोंबिवली तिसरं स्टेशन. ‘त्यांना आपल्याच माणसांत राहायला आवडतं,’ असं डोंबिवलीत सहज म्हटलं जातं. पण मुंब्र्यातल्या बाईचं नवऱ्याशी पटेनासं झालं तर ती जाणार कुठं? वस्तीबाहेर खोली मिळत नाही. त्याच गल्लीत, त्याच दिरा-नणंदांच्या नजरेखाली राहायचं, नाहीतर परत जायचं. बाहेरच्यांनी बंद केलेलं दार असं घरातल्या पुरुषाच्या उपयोगी पडतं.

२०२३ साली मुलुंडला एका मराठी बाईला, ती मराठी म्हणून, ऑफिसची जागा नाकारली तेव्हा महाराष्ट्र खवळला. खवळायलाच हवं होतं. पण तेव्हा चिडलेल्या किती घरांत भाडेकरूचं आडनाव न विचारता खोली दिली जाते?

आणि नकार देणारा आवाज पुष्कळदा बाईचाच असतो. दार ती उघडते, ‘सासूबाईंचं सोवळं आहे हो’ हेही तीच सांगते. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, पहारा हिच्याकडे.

अस्पृश्यतेच्या कारणानं कुणाला घर घेऊ वा राहू न देणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. सहकार कायद्याच्या कलम २३ नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवताना सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. मात्र धर्मावरून किंवा एकटी म्हणून खोली नाकारणाऱ्या घरमालकाला थेट जाब विचारणारा कायदा नाही. त्याचा मसुदा करायला आपल्याला बसायचं आहे. तोवर सोसायटीचे उपविधी मागून वाचा, सभासद असाल तर सर्वसाधारण सभेला नवऱ्याला न धाडता स्वतः जा. आणि तुमच्याकडे आलेल्या बायकांना खोली कुठं, कधी, काय कारण सांगून नाकारली, याच्या नोंदी बायकांची नावं वगळून पुढच्या अंकाआधी आमच्याकडे पाठवा.