अनुदिनी आणि आमची भीती

नांदेड-लातूरकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने अनुदिनी लिहिण्याची इच्छा बोलून दाखवली की आम्ही मराठीचे प्राध्यापक प्रथम सावधगिरीचा पाढा वाचतो: जात नको, गावकी नको, संस्थाचालक तर नकोतच. उरतो काय, तर शालेय निबंधातला पावसाळा! याला आम्ही सुरक्षितता म्हणतो.

भ्रमणध्वनी क्रमांक, वसतिगृहाची खोली, शिकवणीहून परतण्याची वेळ, मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेले दुःख, तिला न विचारता टाकलेले छायाचित्र या गोष्टी टाळायला मात्र आम्ही क्वचितच शिकवतो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन आईबरोबर रांगेत उभी राहिलेली मुले आज पदवीच्या वर्गात आहेत. रांगेतली बोली, टँकरपाशी जुंपलेली भांडणे, कोणाला आधी पाणी मिळे आणि का, हे त्यांनी लिहावे. त्यासाठी गल्लीचे नाव वा शेजारणीची ओळख देण्याची गरज नाही.

पण 'का' आला की आम्ही दचकतो. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवीत. भाषणांतून त्यांचे नाव घेताना आमचा ऊर भरून येतो. विद्यार्थ्याचा मतभेद मात्र आम्ही पहिल्याच मसुद्यात खोडतो आणि त्याखालचा पत्ता तसाच राहतो.