नोंद पुसायची नाही, दुरुस्त करायची

‘सिबिल क्लिअर करून मिळेल, डिफॉल्ट काढून मिळेल, बँकेत ओळख आहे.’ अशा जाहिराती आता नरडाण्यासारख्या गावातल्या मुलांच्या मोबाइलवरही येतात. कोणी काही हजार मागतो, कोणी आधी निम्मे आणि काम झाल्यावर निम्मे. कर्ज नाकारलं गेलेला मुलगा आधीच घाबरलेला असतो. तो पैसे देतो आणि वर आपला पॅन, आधार आणि ओटीपीही देऊन बसतो.

अशी कोणतीही ‘सेवा’ कायद्यात नाही. चुकीची नोंद दुरुस्त करून घ्यायला एक रुपयाही लागत नाही, आणि खरी नोंद कोणाच्याही ओळखीने पुसली जात नाही. या दोन वाक्यांमधला फरक कळत नाही, म्हणून एजंटांचा धंदा चालतो. तो फरक आपल्या तरुणांना कळावा यासाठी हा लेख.

हा विषय फक्त कर्ज घेणाऱ्यांपुरता उरलेला नाही. २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर एका तरुणाचं प्रकरण आलं. स्टेट बँकेत त्याची निवड झाली होती, पण कर्जफेडीचा जुना इतिहास खराब म्हणून नेमणूक रद्द झाली. कर्ज फेडलेलं आहे, हा त्याचा युक्तिवाद टिकला नाही, न्यायालयाने बँकेचं म्हणणं मान्य केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची बातमी गाजली होती. मुलीच्या मामाने मुलाचं सिबिल पाहायला मागितलं आणि ठरत आलेलं लग्न मोडलं. पूर्वी चारित्र्याचा दाखला पोलीस पाटील देत असे. आता तो ३०० ते ९०० यांमधला एक आकडा देतो.

आपल्याकडे अनेकजण म्हणतात, ‘आम्ही व्याजाच्या भानगडीत पडत नाही, आमचा सिबिलशी काय संबंध?’ भावना समजू शकते, पण संबंध आहे. ‘शून्य टक्के’ हप्त्यावर घेतलेला मोबाइल हेही कर्जच असतं. ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ या सोयीने केलेली खरेदीसुद्धा कर्ज म्हणून नोंदवली जाते, आणि ती दुकानाच्या किंवा ॲपच्या नावाने दिसत नाही. दिसते ती त्यामागच्या फायनान्स कंपनीच्या नावाने, जी आपण कधी ऐकलेलीही नसते. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलात, तर त्याची थकबाकी तुमच्याही अहवालात येते. आणि तुमच्या पॅनवर दुसऱ्याच कोणी कर्ज उचललं, तर तेही तुमच्याच नावावर चढतं.

आता ही वही लिहितं कोण, ते पाहू. २००५च्या कायद्याखाली देशात चार कंपन्या ही माहिती ठेवतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. ‘सिबिल’ हे त्यातल्या एकीचं नाव, पण बोलण्यात सगळ्यांनाच ते लागलं. या कंपन्या स्वतःहून काही लिहीत नाहीत. बँका आणि फायनान्स कंपन्या त्यांना माहिती पाठवतात. १ जानेवारी २०२५पासून ती दर पंधरवड्याला पाठवायचा नियम लागू झाला. आणि याच कायद्याचं कलम २१ सांगतं की कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्ती बरोबर असल्याचं कळवल्याशिवाय या कंपन्या नोंद बदलू शकत नाहीत. म्हणजे सिबिलच्या ऑफिसात कोणाची कितीही ओळख असो, किल्ली तिथे नाहीच. ती कर्ज देणाऱ्याकडे आहे.

चुका कशा होतात, हे माझ्या कामामुळे मला जवळून कळतं. लाखो नोंदी वेगवेगळ्या ठिकाणांहून आल्या की त्या एकाच माणसाच्या आहेत का, हे नाव, जन्मतारीख, पॅन, फोन आणि पत्ता जुळवून ठरवावं लागतं. आता आपल्याकडची स्थिती पाहा. ‘शेख’ हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पासबुकावर तिसरं. ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण, कुठे नुसतं एमडी. त्यात महाराष्ट्रात शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट लिहिलेली १ जून ही जन्मतारीख! एकाच तालुक्यात एकाच नावाचे, १ जूनला जन्मलेले दोघे निघणं मुळीच अवघड नाही. जुन्या नोंदीत पॅन नसेल, तर एकाची थकबाकी दुसऱ्याच्या माथी जाऊ शकते.

दुसरी चूक पैशांच्या वाटेवर होते. नरडाण्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या, माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं उदाहरण देतो. ठेकेदार बदलला, नव्या ठेकेदाराने पगारासाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडायला लावलं. मोबाइलचा हप्ता मात्र जुन्या खात्यातून कापला जायचा. दोन हप्ते परत गेले. वसुलीचा माणूस घरी आला, मुलाने दंडासकट रोख पैसे दिले आणि पावती घेतली. पैसे कंपनीच्या हिशेबात नीट चढलेच नाहीत. दोन वर्षांनी दुकानासाठी मुद्रा कर्ज मागायला गेला, तेव्हा कळलं की त्याच्या नावावर डिफॉल्ट आहे. पावतीचा कागद आईने रेशन कार्डाच्या पिशवीत जपून ठेवला होता, म्हणून तो वाचला. लेखी तक्रार केल्यावर ३८व्या दिवशी नोंद सुधारली. पहिल्या तीस दिवसांनंतरच्या आठ दिवसांचे ८०० रुपयेही मिळाले, पण मागितल्यावरच.

हे ८०० रुपये कुठून आले, हे प्रत्येकाने पाठ करावं. रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेला नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे. दुरुस्तीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. कर्ज देणाऱ्या संस्थेने २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही, तर ती भरपाई तिने द्यायची. तिने वेळेत पाठवूनही माहिती कंपनीने उशीर केला, तर त्या कंपनीने. दुरुस्ती नाकारली, तर कारण सांगणंही बंधनकारक आहे.

म्हणून करायचं ते असं. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, २०१७पासून हा हक्क आहे. त्यांच्या संकेतस्थळांवर पैसे भरायच्या योजना ठळक दिसतात आणि मोफत अहवालाचा दुवा शोधावा लागतो. तो शोधा. अहवालात आकडा पाहून थांबू नका. प्रत्येक खातं वाचा: कर्ज कोणाचं, तुम्ही कर्जदार की जामीनदार, किती दिवस थकलं, आजची स्थिती काय. चूक सापडली की माहिती कंपनी आणि कर्ज देणारी संस्था, दोघांकडे एकाच दिवशी लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपा, कारण दिवस तिथून मोजले जातात. सोबत पावती, बँकेचं स्टेटमेंट, ना-देय दाखला जोडा. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं असेल, तर दाखला त्या नव्या कंपनीचा लागतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सप्टेंबर २०२२पासून माहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील नको. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आता दुसरी बाजू. थकबाकी खरी असेल तर काय? मग ‘काढून टाकणे’ हा शब्दच विसरा. तिथे नोंद कोणत्या शब्दाने बंद होते, याला महत्त्व आहे. वसुलीवाला म्हणतो, ‘चाळीस हजारांचे वीस द्या, मिटवून टाकू.’ आपल्याला वाटतं सुटलो. अहवालात मात्र ‘सेटल्ड’ असं लिहिलं जातं. त्याचा अर्थ पुढची बँक असा घेते की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. ‘राइट-ऑफ’ म्हणजेही माफी नव्हे. बँकेने आपल्या हिशेबात ती रक्कम बुडीत धरली, इतकंच. तुमचं देणं तसंच राहतं. शक्य असेल तर पूर्ण रक्कम भरून ‘क्लोज्ड’ अशी नोंद आणि ना-देय दाखला घ्या. आधी सेटल झालेलं कर्जही उरलेली रक्कम भरून असं बंद करता येतं, फक्त ते लेखी ठरवून घ्या. हप्ते उशिरा गेल्याचा इतिहास काही काळ दिसत राहील. तो पुढच्या नियमित हप्त्यांखालीच दबतो.

इथवर व्यक्तीने काय करायचं ते झालं. पण सगळा भार व्यक्तीवर टाकून व्यवस्थेला मोकळं सोडणं मला मान्य नाही. नोंद लिहितो कर्ज देणारा. ती चूक आहे का, हेही आधी ठरवतो कर्ज देणाराच. ज्याच्यावर आरोप, त्याने पावत्या शोधत फिरायचं. फेब्रुवारी २०२२मध्ये अभिनेत्री सनी लिओनीने जाहीर केलं होतं की तिच्या पॅनवर कोणीतरी २,००० रुपयांचं कर्ज उचललं आणि तिचं सिबिल बिघडलं. तिने ट्वीट केलं, दुरुस्ती लगोलग झाली आणि तिने आभारही मानले. म्हणजे मनात आणलं तर हे झटपट होतं. नरडाण्याच्या मुलाच्या ट्वीटला कोण विचारतो? जून २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने चारही माहिती कंपन्यांना मिळून सुमारे एक कोटी रुपये दंड केला. काही प्रकरणांत त्यांच्याकडची माहिती अचूक किंवा पूर्ण नव्हती, हे त्यामागचं कारण. देशातल्या कोट्यवधी लोकांच्या पतीचा हिशेब ठेवणाऱ्यांना हा दंड किती जाणवला असेल?

मे २०२५मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिल मागणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला. शेतकऱ्याला दिलासा हवाच. पण ‘सिबिल मागू नका’ म्हटल्याने सिबिलमधली चूक सुधारत नाही, ती पुढच्या कर्जाला पुन्हा आडवी येते. मागणी अशी हवी की आक्षेप घेतल्यावर पुरावा कर्ज देणाऱ्याने द्यावा, तोवर ती नोंद ‘वादग्रस्त’ म्हणूनच सगळ्यांना दिसावी, आणि भरपाई न मागता मिळावी. डिफॉल्टची माहिती पाठवताना ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल करावा, असा नियम आहेच. तो मेसेज मराठीत, कर्जाच्या क्रमांकासह आणि आक्षेप कुठे घ्यायचा हे सांगणारा असला पाहिजे.

मी या आकड्याच्या विरोधात नाही. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँकांनी काही वस्त्या ‘नकारात्मक भौगोलिक क्षेत्र’ ठरवल्या होत्या आणि तिथे कर्ज सहजी मिळत नसे. तिथे माणसाचा व्यवहार कोणी पाहतच नव्हतं, पत्ता पाहून दार बंद होत होतं. क्रेडिट अहवालात धर्माचा रकाना नाही. त्यामुळे वेळेवर हप्ते भरणाऱ्या पिंजारी किंवा खाटीक तरुणाला स्वतःच्या व्यवहारावर उभं राहण्याची यात संधी आहे. पण ती नोंद खरी असेल तरच. खोटी नोंद म्हणजे जुनंच बंद दार, फक्त आता संगणकाने लावलेलं.

कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा, हे आपल्याला नवं नाही. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, याच विषयावर आहे. मुदतीचं कर्ज लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. त्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मजकूर सांगायचा तो कर्ज घेणाऱ्याने. दोघांमधल्या दुबळ्याच्या तोंडून नोंद लिहून घ्यायची. आजच्या व्यवस्थेत कर्ज घेणाऱ्याला आपली नोंद वर्षातून एकदा फुकट वाचायला मिळते, आणि तीही आपण वाचत नाही.

मतदारयादीत नाव आहे का, हे पाहायला आपल्या मोहल्ल्यांत शिबिरं होतात. आधार आणि रेशन कार्डाच्या दुरुस्तीसाठी मुलं टेबल टाकून बसतात. त्याच टेबलावर महिन्यातून एक रविवार क्रेडिट अहवाल वाचायला ठेवूया. शिंदखेडा असो, दोंडाईचा, शिरपूर किंवा धुळे, प्रत्येक ठिकाणी इंग्रजी अर्ज वाचू शकणारी चार मुलं-मुली सापडतील. कोणाचा पासवर्ड किंवा ओटीपी विचारायचा नाही, ज्याचा फोन त्याच्याच हातात. अहवाल उघडायचा, अनोळखी खातं शोधायचं, तक्रार लिहून द्यायची, तारीख वहीत नोंदवायची आणि तिसाव्या दिवशी आठवण करायची. एजंट ज्याचे हजारो रुपये घेतो, ते काम इतकंच आहे.