सातबारा सामाईक, मग चतुःसीमा आली कुठून?

काल वाडीत शिंपणं चालू असताना गडग्यापाशी तिघं येऊन उभे. हातात खरेदीखत. समुद्राकडचा आठ गुंठ्यांचा तुकडा म्हणे त्यांनी घेतलाय, आमच्या मुंबईच्या चुलतभावाकडून.

सातबाऱ्यावर आमची नऊ नावं. वाटप कधी झालेलंच नाही. तरी खरेदीखतात 'पश्चिमेस सुरूचं बन, पूर्वेस विहीर' अशी चतुःसीमा छापलेली! त्याच तुकड्यात निसर्ग वादळानंतर, २०२० साली, लावलेली रोठा सुपारी आहे. यंदा कुठे पहिलं फळ धरलंय.

हिस्सा विकायला आमची ना नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम ४४, सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो. पण न वाटलेल्या वाडीतला 'हाच तुकडा माझा' म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. आणि असा दस्त नोंदला जातो. कारण १९०८ चा नोंदणी कायदा कागद नोंदवतो, मालकी नाही. ओळख पटली, अंगठा उठला, मुद्रांक भरला, झालं!

कोणी म्हणेल, रेरा आहे की. अहो, तो प्रकल्पांसाठी. त्यातही पाचशे चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे जेमतेम पाच गुंठे जागा नोंदणीतून सुटते. भावाने विकलेली वाडी त्यात कुठे बसणार? कलम ८२ खाली खोटं सांगणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे, पण दस्त होऊन गेल्यावर. फेरफाराची नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस, तेही नंतरच. सगळं वरातीमागून घोडं.

कायद्यात एवढंच घाला: सातबारा सामाईक असेल तर वाटपाचा आदेश आणि मोजणीचा नकाशा जोडल्याशिवाय चतुःसीमेचा दस्त नोंदवायचा नाही, आणि दस्ताआधी सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाला नोटीस. व्यवहार अडतील म्हणता? अडू देत महिना-दोन महिने. सुपारीला आम्ही सहा-सात वर्षं थांबतो.

चूक आमचीही आहे. आजोबा गेले तेव्हाच कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करायला हवा होता. भाऊबंदकीत कोण आधी बोलणार, म्हणून राहिलं.

हरकत लिहून ठेवलीय, सोमवारी तालुक्याला जातोय. त्या तिघांना चहा दिला. घेणारा घाटावरचा शेतकरी, आपली अर्धा एकर विकून आलेला. नकाशा घडी करून खिशात ठेवत विचारत होता, "म्हणजे माझे पैसे गेले का हो, काका?"